दुहेरी तुटक रेष

शेजारच्या वावराच्या नानांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, तेव्हा आमच्या कपाशीची पहिली वेचणी निम्मी झाली होती. वाट बंद करण्याची आमच्याकडची ही जुनी रीत आहे. भिंत बांधावी लागत नाही, तारा ओढाव्या लागत नाहीत. गाडीभर काट्या आडव्या पसरल्या की सांगायचे ते सांगून होते. वेचणीच्या बाया काट्यांपाशी थबकल्या, धाकट्या भावाने ट्रॅक्टर बंद केला आणि बांधावर तंबाखू मळत उभे असलेले नाना म्हणाले, ‘‘हाऊ रस्ता नही, मना बांध शे.’’ त्या दिवशीचा कापूस बायांनी गाठोडी बांधून डोक्यावरून पाऊण किलोमीटर वाहून आणला आणि संध्याकाळी मजुरीवरून वेगळीच कुरबूर झाली. कारण वेचण्याची मजुरी किलोवर ठरते आणि वाहण्याची कशावरच ठरत नाही. ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली.

मी तेव्हा जळगावला होतो. तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असा फोन आला की तो जे करील तेच मी केले. भावाला म्हणालो, हात उचलू नकोस, काट्याही उचलू नकोस, फोटो काढून ठेव, कायदा आहे. फोनवर पलीकडे जी शांतता पसरली तिचा अर्थ मला पुढची दीड वर्षे हळूहळू उलगडत गेला.

कायदा होता, हे मात्र खरेच. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. म्हणजे इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, त्याच वर्षीचा. शेतात जाण्याच्या वाटेला किंवा शेतातून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला कोणी बेकायदा अडथळा केला, तर शेतकऱ्याने दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत, तालुक्याच्या मामलेदाराने, म्हणजे आजच्या तहसीलदाराने, जागेवर जाऊन पाहावे, अडथळा दूर करावा आणि पुन्हा करू नये अशी ताकीद द्यावी, एवढाच त्या कायद्याचा साधा हेतू आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आणला पाहिजे, ही अटसुद्धा त्या घाईचीच खूण आहे. पेरणी थांबत नाही, वेचणी थांबत नाही, हे ज्याने कायदा लिहिला त्याला कळत होते. शेतकऱ्याने सहा महिन्यांत आले पाहिजे असे त्यात लिहिले आहे आणि आम्ही चौदाव्या दिवशी गेलो. कचेरीने किती दिवसांत निकाल दिला पाहिजे, याची धास्ती मात्र मला तिथे कोणाच्याच चेहऱ्यावर दिसली नाही.

निकालाला सतरा महिने लागले. पहिल्या तारखेला सामनेवाल्यांना नोटीस पोहोचली नव्हती. दुसऱ्या तारखेला पोहोचली, पण नानांच्या वकिलांनी म्हणणे मांडायला मुदत मागितली. तिसऱ्या तारखेला साहेब गारपिटीच्या पंचनाम्यांना गेले होते. मग २०२४ उजाडले; त्या वर्षी आधी लोकसभेची आणि मग विधानसभेची निवडणूक झाली, आणि दोन्ही वेळा महिनोन्‌महिने कचेरीत मतदार याद्यांशिवाय दुसरा कागद हलत नव्हता. मध्येच साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी प्रकरण ‘पहिल्यापासून समजून’ घेतले. स्थळ पाहणीला मंडळ अधिकारी एकदा आले ते भर पावसात, आणि काळ्या मातीत त्यांची मोटारसायकल अर्ध्या वाटेत रुतली, तेव्हा भावाला वाटले की आता साहेबांना काही सांगायलाच नको. पंचनाम्यात ‘रस्ता वहिवाटीस अडचणीचा’ एवढेच आले. रुतलेल्या मोटारसायकलचा उल्लेख नव्हता.

यात एकट्या कोणा माणसाला दोष द्यावा, असे मला तेव्हाही वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही. एकच तहसीलदार जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, रेशन, वाळूचे डंपर, निवडणूक, दुष्काळ, गारपीट, मंत्र्यांचे दौरे आणि सातबाऱ्यावरच्या चुका हे सारे बघतो, आणि या सगळ्यातून उरलेल्या दुपारी तो न्यायाधीश होतो. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पुढची तारीख मिळते ती दोन्ही पक्षांना सारखीच मिळते, पण वाट अडवणाऱ्याला ती एका हंगामाची मोकळीक असते आणि अडलेल्याला एका हंगामाचा खड्डा. नाना काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. प्रत्येक तारखेला कचेरीबाहेरच्या टपरीवर ते मला बोलावून घेत आणि म्हणत, ‘‘चाल मास्तर, चहा पी. भांडण कागदवर शे.’’ चहाचे पैसेही तेच देत. त्यांना ते परवडत होते. वेळ त्यांच्या बाजूने होती.

एकदा मी जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला जाऊन बसलो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी लोकांची गाऱ्हाणी समक्ष ऐकतात, हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला मोठ्या अभिमानाने सांगत असे. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने माझा अर्ज वाचला आणि अतिशय सभ्यपणे परत केला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे लोकशाही दिनात घेता येत नव्हते. म्हणजे दावा केला नसता तर अर्ज घेतला असता, आणि अर्ज घेऊन सांगितले असते की दावा करा. वर्गातल्या मुलांनी मला हा प्रश्न कधी विचारला नाही, याचे त्या दिवशी फार बरे वाटले.

वाटेसाठी माणसे आजच इतकी का भांडू लागली, याचा विचार करायला तारखांच्या बाकावर भरपूर सवड मिळते. माझ्या लहानपणी शिवारात वाटा कमी होत्या आणि भांडणेही कमी होती. खरीप निघाला की कोरडवाहू वावरे मोकळी पडत आणि पौषापासून मृगापर्यंत सगळे शिवारच रस्ता होई. बैलगाडी कोणाच्याही वावरातून कुठेही जाई आणि कोणी हरकत घेत नसे. पावसाळ्यात बैल आणि माणूस बांधावरून निघत. आता विहिरी आणि कूपनलिका झाल्या, कपाशीमागून मका नाहीतर हरभरा येतो, केळीचे वावर तर वर्षभर उभेच असते, आणि जमिनीवर ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात. आमच्या जिल्ह्याला ठिबकचा अभिमान आहे आणि तो असावा. पण नळ्यांवरून चाक जात नाही. त्यात बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. चार फुटांच्या बांधावरून ट्रॉली निघत नाही. त्याच काळात वाटण्यांमागून वाटण्या होऊन एका गटाचे चार-पाच हिस्से झाले. पुढचा हिस्सा ज्याला मिळाला त्याला रस्ता लाभला आणि मागच्याला शेजारी. या बदलांपैकी एकही वाईट म्हणता येत नाही, पण त्या सगळ्यांचे ओझे येऊन पडले ते वाटेवर, जिचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो.

दाव्यासाठी गावाच्या नकाशाची नक्कल हवी होती. भूमी अभिलेखाच्या कचेरीतून ती मिळाली आणि मी ती रात्री घरी जेवणाच्या टेबलावर पसरली. गावनकाशा वाचण्याची एक भाषा असते. एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीवाट. पायवाटेला सव्वाआठ फूट आणि गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस फूट रुंदी धरतात. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तेव्हा साडेसोळा फूट म्हणजे बरोबर अर्धी साखळी. नानांच्या बांधालगत ती दुहेरी तुटक रेष स्पष्ट होती. आनंदाने मी भावाला फोन लावणार होतो, तेवढ्यात माझी नजर रेषेबरोबर पुढे गेली. ती आमच्या गटापाशी थांबत नव्हती. आमच्या वावराची पश्चिम कड धरून ती सरळ खाली नाल्याकडे उतरत होती आणि पलीकडच्या गावाच्या शिवेला जाऊन मिळत होती. आज त्या जागी आमच्या कपाशीच्या पाच-सहा ओळी आणि एक कडुनिंब आहे.

फोन मी त्या रात्री लावला नाही.

खान्देशाला मोजणीचा राग जुना आहे. इंग्रजांनी नवी महसुली मोजणी सुरू केली तेव्हा १८५२ साली सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांचे मोठे जमाव जमले, त्यांनी मोजणीचे काम थांबवायला लावले, आणि शेवटी सरकारला फौज आणून ते आंदोलन मोडावे लागले. साखळी घेऊन येणारा माणूस सारा वाढवायला येतो, ही भीती त्यामागे होती आणि ती अवाजवी नव्हती. तो इतिहास मी वर्गात मोठ्या आवेशाने सांगत असे. सरकार एकीकडे, रयत दुसरीकडे. आपल्या वडिलांनी दरवर्षी नांगराचे एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, बाहेर टाकत अर्धी साखळी गिळली, हे सांगायला मात्र त्या गोष्टीत जागा नव्हती. त्यांना दोष देताना जीभ अडखळते. ते असे काही ठरवून करणारे नव्हते. पलीकडून येणारी बैलगाडी बंद झाली होती, वाटेवर गवत माजले होते, आणि नांगर वळवताना एक तास पुढे गेले तर विचारणारे कोणी नव्हते.

विचारणारे कोणी नव्हते, हे वाक्य मात्र खरे नाही. आमच्या वावराच्या खाली, नाल्याच्या काठाला, भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, एका मावशींची अडीच एकर जमीन आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात मोठ्या जमीनदाराची जादा ठरलेली जमीन सरकारने काढून घेतली आणि तिचा एक तुकडा त्यांच्या सासऱ्यांच्या वाट्याला आला. सातबाऱ्यावर अजून भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असे लिहिलेले आहे. जमीन देताना सरकारने गट क्रमांक दिला, चतुःसीमा दिल्या, अटी दिल्या. त्या जमिनीपर्यंत जायचे कसे, हे कागदावर कुठेही नाही. नकाशात ती दुहेरी रेष होती म्हणून बहुधा कोणाला लिहिण्याची गरज वाटली नसेल. मावशी आमच्या बांधावरून जातात. दरवर्षी पेरणीआधी त्या घरी येऊन ओसरीच्या पायरीवर बसतात आणि विचारतात, ‘‘यंदा जाऊ ना, दादा?’’ आणि आम्ही, मोठ्या मनाची माणसे, दरवर्षी हो म्हणतो. त्यांचा कापूस डोक्यावरूनच निघतो. तो किती वर्षे निघतो आहे, हे मी कधी मोजले नव्हते. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी काट्यांपाशी थबकलेल्या बायांत त्याही होत्या. त्यांनी आमचे गाठोडे डोक्यावर घेतले ते कुरबूर न करता, कारण त्यात त्यांच्यासाठी नवीन काहीच नव्हते.

माझ्या आईचे माहेर पांझरेच्या काठचे आहे, साक्रीच्या बाजूचे. तिथे नदीवर दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी वाटण्याची फड पद्धत काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी आपण स्वतः फोडून न घेता पाटकऱ्याने सोडायचे, अशी ती रीत. तिची खरी मेख जमिनीच्या वाटणीत होती. बहुतेक प्रत्येक बागायतदाराचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवायचे ठरले, तर कोरडेपणा एकट्या कोणाच्या घरात जात नसे. तो सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येई. ‘‘फडमा आपलं-परकं नही ऱ्हास,’’ असे आई म्हणायची. आईला माहेरचे सगळेच चांगले दिसायचे, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्यांना जमीनच नव्हती त्यांचा फडात वाटा नव्हता, तर जागल्याची नोकरी होती. तरीही वाटेचा दावा लढवताना मला त्या रचनेची आठवण वारंवार झाली, कारण आमच्या शिवारात उलटे आहे. वाट बंद झाली तर ती वरच्याला बंद होत नाही, खालच्यालाच होते, आणि वरचा कितीही भला असला तरी तो आपण होऊन खालच्याकडे वळून पाहत नाही. नाना आमच्याकडे पाहत नव्हते आणि आम्ही मावशींकडे.

निकाल २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या बाजूने लागला. नानांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षणाचा अर्ज करण्याची धमकी दिली, पण केला नाही. त्यांचा मुलगा नाशिकला नोकरीला आहे आणि त्याला कोर्टकचेऱ्यांचा कंटाळा आला होता. पोलीस बंदोबस्तात जेसीबी आला, काट्या उचलल्या गेल्या, बांध मागे सरला, दोन ट्रॉल्या मुरूम पडला. निम्मे गाव बघायला आले होते. तलाठ्याच्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोक ‘तलाठी आप्पा, तलाठी आप्पा’ करत त्यांच्यामागे फिरत होते. जेसीबी आमच्या गटाच्या हद्दीपाशी येऊन वळला. आदेशात तेवढेच होते, कारण दाव्यात आम्ही तेवढेच मागितले होते. मावशी गर्दीच्या मागे उभ्या होत्या. सगळे पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि पहिल्यांदाच, परवानगी न मागता, त्यांनी मला प्रश्न केला: ‘‘दादा, वाट मना वावरलगून काबर नही उनी?’’ वाट माझ्या वावरापर्यंत का आली नाही?

नागरिकशास्त्राच्या शिक्षकाकडे उत्तर असते. मी त्यांना सांगितले की मामलेदार कायद्यात सहा महिन्यांची अट आहे आणि तुमचा अडथळा जुना आहे, पण जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे, त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्याची वाजवी गरज पाहून तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतात. त्यांनी ते ऐकून घेतले. अडथळा कोणाचा, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात शासनाने ठरवले की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी. स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत त्यावर चर्चा झाली. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ पासून मातोश्रींच्या नावाची योजना होती, तिचे काम रोजगार हमीच्या निधीतून निघत होते, आणि रोजगार हमीत मजुरी साठ टक्के आणि साहित्य चाळीस टक्के असे प्रमाण राखावे लागत होते. म्हणून माती भरपूर पडते आणि खडी पडतच नाही, हे ग्रामसेवकांनी समजावून सांगितले. लोक चिडून बोलले. शहरात गल्लीगल्लीत काँक्रीट होते आणि आमच्या केळीच्या गाड्या गाऱ्यात रुततात, हे एका तरुणाने फार तळमळीने मांडले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण ते खरेच होते. मग सरपंचांनी विचारले की नकाशातल्या वाटा मोजून घ्यायच्या का, ज्यांनी बुजवल्या त्यांनी संमती द्यावी, म्हणजे मोजणीचा अर्ज करता येईल. सभेत एकदम इतके शांत झाले की ध्वजाची दोरी खांबावर आपटल्याचा आवाज ऐकू आला. एक-एक जण घड्याळ बघत उठला. माझा भाऊ माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला नाही.

घरी आल्यावर भाऊ मला जे बोलला ते अजून मनातून जात नाही. तो म्हणाला, तुला पेन्शन आहे. अर्धी साखळी रुंद आणि नाल्यापर्यंत लांब पट्टा सोडायचा म्हणजे किती गुंठे होतात, हे मी कागदावर मोजू शकतो. तो ते पोत्यांत आणि हप्त्यांत मोजतो. त्यातही त्याचे म्हणणे असे की वरच्या अंगाला आणखी चौघांनी वाटा बुजवल्या आहेत, त्यांना कोणी विचारत नाही, मग पहिल्याने आम्हीच का. हा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो नानांचाही होता, आणि तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्याला ‘गुंडगिरी’ म्हटले होते.

दिवाळीनंतर मावशींचा नातू जळगावला माझ्याकडे आला. तो आयटीआयला आहे. अर्ज कसा लिहायचा ते सांगा, म्हणाला. कोणाविरुद्ध लिहायचा हे त्याला माहीत होते, मोबाईलवर नकाशा पाहून त्याने ते आधीच काढले होते. मी कागद घेतला. अर्जदार म्हणून त्याच्या आजीचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादार वर्ग, विषय, नकाशाची नक्कल जोडली आहे हे वाक्य, जुनी वहिवाट आणि शेतात जाण्याची गरज. सामनेवाले क्रमांक एक म्हणून मी माझ्या भावाचे नाव लिहिले आणि दोन म्हणून माझे. अक्षर नेहमीसारखे आले नाही. पोराने वाचले, घडी घातली आणि विचारले की चुकीचे काही राहिले नाही ना, सर. मी म्हणालो, रुंदी लिहायची राहिली. साडेसोळा फूट लिही, कमी लिहू नकोस, पुढे कमी करायला लोक आहेतच.

पहिल्या तारखेला मी गेलो होतो. भाऊ आला नाही. कारकुनाने नाव पुकारले तेव्हा मी उभा राहिलो आणि त्याने मला ओळखले; गेल्या वेळी तुम्ही अर्जदार होता ना, असे म्हणून तो हसला. मी म्हणणे लेखी दिले: वाट नकाशात आहे, ती आमच्या वडिलांच्या काळात बुजली, माझी हरकत नाही. साहेबांनी ते वाचून घेतले आणि सांगितले की सहधारकाचे म्हणणे आल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, नियम तसाच आहे. बाहेर टपरीवर मावशी आणि त्यांचा नातू बसले होते. चहा मी सांगितला. पुढची तारीख आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरची, मिळाली आहे.